पोथी उघडली, वाचता कधी आली?

१९२५ साली यवतमाळहून एक ग्रंथ निघाला. नाव 'महानुभावीय मराठी वाङ्मय', लेखक यशवंत खुशाल देशपांडे. यवतमाळ म्हणजे त्या काळचे वऱ्हाडातले कापसाचे गाव. वीस वर्षांपूर्वीपर्यंत या जिल्ह्याचे सरकारी नावही वेगळे होते. वणीवरून पडलेले इंग्रजी दप्तरातले 'वून' १९०५मध्ये गेले आणि 'यवतमाळ' आले. विद्यापीठे, मोठी ग्रंथालये, छापखान्यांची गल्ली हे सगळे पुण्या-मुंबईकडे. तरीही मराठीच्या पहिल्यावहिल्या गद्याचा, त्यामागच्या ग्रंथकारांचा आणि त्यांच्या परंपरेचा सविस्तर आढावा घेणारे पुस्तक निघाले ते इथून.

महानुभाव पंथाबाहेरच्या अभ्यासकाला हे पुस्तक पंचवीस वर्षे आधी लिहिताच आले नसते. महानुभावांच्या पोथ्या मठांत होत्या, त्यांच्या नकला होत होत्या, त्यांचे पठणही चालू होते. पण बाहेरच्या माणसाच्या हाती एखादी पोथी पडलीच, तर त्याला अक्षरे दिसत आणि शब्द मात्र लागत नसत. पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. ही लिपी कशी आली, किती अवघड होती आणि ती सुटल्यावर खरे काम कुठून सुरू झाले, त्याची ही हकीकत.

वाचता यावे म्हणून मराठी

सुरुवात होते तेराव्या शतकातल्या ऋद्धिपुरात. आज ते अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्याभोवती पंथ गोळा झाला. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचे, ऐकायचे, पडताळायचे आणि मगच लिहायचे, ही त्यांची रीत. त्यातून 'लीळाचरित्र' उभे राहिले. त्याचा काळ साधारण १२७८ धरला जातो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे बारा वर्षे.

त्या काळी विद्वानाने संस्कृतात लिहावे हा शिरस्ता होता. पंथात केशिराजबासांसारखे संस्कृतचे गाढे पंडितही होते. पण ग्रंथ संस्कृतात रचण्याची गोष्ट निघाली तेव्हा नागदेवाचार्यांनी हरकत घेतल्याचे 'स्मृतिस्थळ' हा पंथाचा जुना ग्रंथ सांगतो. पंथातल्या साध्या, म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही आणि त्या वंचित राहतील, हे त्यांचे कारण. वाचकाला समजावे म्हणून लेखनाचे माध्यम बदलण्याचा मराठीतला हा फार जुना निर्णय. पंथातल्या महदाइसेची 'धवळे' ही लग्नगीते याच वातावरणात जन्माला आली.

ज्या पंथाने वाचकासाठी संस्कृत बाजूला ठेवले, त्याच पंथाने पुढच्या शतकात आपले मराठी कुलूपबंद केले.

कुलूप

परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा सांगितली, लिहवली. त्यामुळे ग्रंथ वाचला, पण एकाच्या जागी अनेक पाठ झाले. पुढे १३५३च्या सुमारास रवळोबासांनी 'सकळ' लिपी सुरू केली असे मानतात. मग सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र, मनोहरा, कवीश्वरी अशा कितीतरी लिप्या निघाल्या. पंथाच्या शाखांना आम्नाय म्हणतात, आणि त्यातल्या काही लिप्यांवर त्या त्या आम्नायाची छाप दिसते. सगळ्यांत जास्त चालली ती सकळ.

लिपी का बदलली याची उत्तरे दोन दिली जातात. एक संरक्षणाचे. मूर्तिपूजा आणि वर्णवर्चस्व न मानणाऱ्या पंथाला विरोध होता, राजकीय उलथापालथ चालू होती, ग्रंथ नको त्या हाती पडण्याची भीती होती. दुसरे पावित्र्याचे. स्वामींचे वचन दीक्षा न घेतलेल्याच्या तोंडी जाऊ नये. दोन्ही कारणे एका वेळी खरी असायला काहीच अडचण नाही.

परिणाम मात्र पंथाला महागात पडला. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक आपल्या मनाने बोलू लागतात. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण मराठीत रुळली ती अशाच संशयापोटी. पोथीत काय आहे हे ठाऊक नसलेल्यांनी पोथीवाल्यांची अब्रू ठरवून टाकली, आणि उत्तर द्यायला पोथी पुढे करावी तर ती समोरच्याला वाचता येईना.

किती अवघड?

या लिप्यांचे मूळ तत्त्व वर्णांच्या अदलाबदलीचे. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह मांडायचे. ती अदलाबदल ज्याला ठाऊक, त्याच्याकडे किल्ली.

तत्त्व हाताशी यावे म्हणून एक किल्ली बनवून पाहू. ही सकळ लिपीची खरी किल्ली नाही, फक्त नमुना आहे. क-वर्ग आणि च-वर्ग यांची क्रमाने अदलाबदल करा, म्हणजे क असेल तिथे च आणि च असेल तिथे क. तशीच ट-वर्ग आणि त-वर्ग यांची. प, फ, ब, भ, म यांच्या जागी य, र, ल, व, श आणि उलट. काना-मात्रा जशाच्या तशा. आता 'वणीची पराटी' असे लिहायचे तर कागदावर उमटेल 'भनीकी यफाती'. ज्याला किल्ली पाठ आहे तो हे सरळ वाचील. ज्याला नाही त्याला ती कुठल्या परमुलखाची भाषा वाटेल.

बाहेरून पाहणाऱ्याला हे कुलूप अभेद्य वाटते, आणि आकडाही त्याच्या बाजूने बोलतो. ३३ व्यंजनांची अदलाबदल जितक्या प्रकारे करता येईल ती संख्या ३७ आकडी आहे. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटले तर मनुष्यजातीचे आयुष्य पुरणार नाही.

पण एकेक किल्ली कोणी लावून पाहतच नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने त्याची तोड लिहून ठेवली होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. वेष बदलला तरी अक्षराची ही सवय बदलत नाही. १९४९ साली क्लॉड शॅननने त्याला गणिताची बैठक दिली. संकेत किती मजबूत, हे किल्ल्यांच्या संख्येवरून ठरवू नका, असे त्याचे गणित सांगते. एकच अर्थ निश्चित निघायला किती मजकूर लागतो ते मोजा. इंग्रजीतल्या साध्या अदलाबदलीसाठी उत्तर येते सुमारे २५ ते ३० अक्षरे. फक्त एक ओळ.

मराठीसाठी नेमका आकडा थोडा वेगळा निघेल, पण जात तीच. त्यातून 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ. त्यात 'सर्वज्ञ' आणि 'गोसावी' हे शब्द पानोपानी येतात, वाक्य 'मग'ने सुरू होते, संवादाची धाटणी ठरलेली. जुनी मराठी जाणणाऱ्या चिकट माणसासमोर हे कुलूप फार काळ टिकणारे नव्हतेच. टिकले ते पोथी बाहेरच जात नव्हती म्हणून. साडेपाचशे वर्षे पहारा केला तो मठाच्या दाराने.

दार उघडते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन बाजूंनी हालचाल झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. दुसरीकडे पंथातल्याच काही महंतांना आपली बाजू जगापुढे यावी असे वाटू लागले होते. वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथ मिळवले, वाचले, छापले आणि १९१९च्या 'महाराष्ट्र सारस्वता'च्या वाढवलेल्या आवृत्तीत या साहित्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा दिली.

तोवर मराठीचा इतिहास मुकुंदराज, ज्ञानेश्वर, नामदेव असा काव्याच्या वाटेने सांगितला जाई. आता त्याच्या आरंभाशी भरघोस गद्य उभे राहिले. बोलते, घरगुती, नेमके गद्य. तेराव्या शतकातली माणसे काय खात, कशी भांडत, वाटेत कुठे मुक्काम करीत, हे त्यात होते.

इथे कथा संपायला हवी होती. संकेत सुटला, ग्रंथ हाती आले. पण वाचकाच्या हाती नीट 'लीळाचरित्र' पडायला आणखी कितीतरी वर्षे लागली.

किल्लीनंतरचे काम

यवतमाळचे महत्त्व इथे आहे. देशपांडे यांच्यापुढचा प्रश्न लिपीचा उरला नव्हता. बालबोधीत उतरवलेली पोथी घेतली तरी वाचक अडतच होता, आणि त्याची कारणे एकात एक गुंतलेली होती.

पहिले, ओळीत शब्द सुटे नसत. शिरोरेखा अखंड, विरामचिन्हे नाहीत, बोलणाऱ्याचे वाक्य कुठे संपले आणि निवेदकाचे कुठे सुरू झाले याची खूण नाही. पदे चुकीची तोडली की अर्थ भलतीकडे जाई. दुसरे, भाषा सहाशे वर्षांपूर्वीची. शब्द ओळखीचे दिसत, अर्थ मात्र बदललेले असत. तिसरे, माणसे. एकाच नावाचे अनेक, एकाचीच अनेक नावे, कोण कोणाचा शिष्य हे ठाऊक नसेल तर प्रसंग लागत नाही. चौथे, पाठभेद.

'महानुभावीय मराठी वाङ्मया'ने यातल्या तिसऱ्या गुंत्याला हात घातला. कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणाच्या परंपरेत लिहिले, हा नकाशा आधी काढल्याशिवाय सुटा ग्रंथ वाचून उपयोग नाही, ही त्यामागची समज. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या रूपाने या कामाला संस्था मिळाली. पोथ्या, ताम्रपट, शिलालेख जमवणे, त्यांवर लिहिणे, वार्षिक काढणे असे तिचे काम. या माणसांची नजर किती तयार होती याचा एक दाखला. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. तो प्रथम वाचून भारतीय इतिहास परिषदेपुढे ठेवला तो य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी. वाकाटकांच्या वाशीम शाखेचा इतिहास त्या पत्र्यांनी उभा केला. संस्कृतातून प्राकृतात जाणारा तो मजकूर वाचणे, वऱ्हाडातल्या पोथ्यांवर घासून तयार झालेल्या डोळ्यांना जमले.

नागपूरला ह. ना. नेने यांनी १९३६-३७पासून 'लीळाचरित्रा'चे भाग छापायला घेतले. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६०च्या दशकात आली. वि. भि. कोलते यांनी भास्करभट्ट बोरीकरांपासून सुरुवात करून महानुभाव तत्त्वज्ञान, आचारधर्म अशी एकेक वाट मोकळी केली. १९७८ साली त्यांचे संपादित 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. लंडनचे आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६०मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची आणि १९७०मध्ये सकळ लिपीवर स्वतंत्र लेख लिहिला. राजवाड्यांचा उलगडा ते कोलत्यांची आवृत्ती हे अंतर साठ वर्षांहून अधिक आहे. लिपीला लागलेला वेळ या हिशोबात जवळजवळ नगण्य ठरतो.

त्याच वर्षांत, दुसऱ्या टोकाला

कोलते आपली आवृत्ती पुरी करत होते त्याच सुमारास संगणकाच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा होता. प्रोग्रॅम म्हणजेच कोड. तो एक जण लिहितो, दहा वर्षांनी दुसऱ्याला वाचावा लागतो, आणि पहिला तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. वाचायला अवघड कोड दुरुस्त करायला महाग पडतो हे सर्वांना कळत होते. पण अवघड म्हणजे किती, हे सांगायला माप नव्हते.

डिसेंबर १९७६मध्ये टॉमस मॅकेबने एक माप सुचवले. कोडमध्ये जिथे जिथे 'असे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असा फाटा फुटतो ते फाटे मोजा आणि त्यात एक मिळवा. एका तुकड्यात हा आकडा साधारण १०च्या वर गेला की तुकडा फोडा. पुढच्याच वर्षी मॉरिस हॉलस्टेडने दुसरी मोजणी मांडली, त्यात वेगवेगळी चिन्हे किती आणि ती किती वेळा वापरली यावर भर होता. या दोन्ही मापांवर तेव्हापासून वाद चालू आहे, आणि तरीही मॅकेबचा आकडा आज जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज काढला जातो.

या मापावर महानुभाव पोथी ठेवून पाहण्यासारखी आहे. सकळ लिपीचे बालबोध करणारा प्रोग्रॅम आज कोणीही विद्यार्थी लिहील. अक्षर घ्या, तक्त्यात असेल तर बदला, नसेल तर तसेच ठेवा, पुढच्या अक्षराकडे जा. एक फेरा, एक अट. मॅकेबच्या हिशोबाने आकडा ३. ज्याने साडेपाचशे वर्षे मराठी जगाला दाराबाहेर ठेवले, त्याची गुंतागुंत एवढीच.

आता पाठभेद घ्या. एखाद्या लीळेत दहा ठिकाणी पोथ्यांत फरक आहे आणि प्रत्येक ठिकाणी दोन पाठ आहेत असे धरू. संपादकापुढे किती संभाव्य लीळा उभ्या राहतात? दहा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करा, १०२४. एवढ्या कोणीच वाचून पारखणार नाही. मॅकेबने हा सापळा ओळखला होता. सगळ्या वाटा मोजू नका, एकमेकींपासून स्वतंत्र अशा मूळ वाटा मोजा, असे त्याचे म्हणणे. दहा फाट्यांच्या तशा वाटा फक्त ११.

पोथीच्या संपादकाला तर याहूनही चांगला उपाय माहीत असतो. पाठभेद सुटे सुटे येत नाहीत, घराण्याने येतात. एका आम्नायाच्या पोथीत जो फरक तिसऱ्या ओळीत दिसतो, त्याचा जोडीदार आठव्या ओळीत बहुधा सापडतो. पोथ्यांची वंशावळ लावली की दहा फाट्यांचे दोन-तीन प्रवाह होतात. देशपांडे यांनी १९२५ साली ग्रंथकारांच्या परंपरा लावून ठेवल्या त्याचा उपयोग इथे कळतो. माणसांचा गुंता सुटल्याशिवाय मजकुराचा सुटत नाही.

१९८६ साली फ्रेड ब्रूक्सने प्रोग्रॅमच्या अवघडपणाचे दोन प्रकार सांगितले. एक अवघडपणा साधनांमुळे येतो, तो काढून टाकता येतो. दुसरा विषयातच असतो, तो मांडता येतो, नाहीसा करता येत नाही. गुप्त लिपी पहिल्या प्रकारातली. न तोडलेली पदेही तिथलीच. तेराव्या शतकात एका प्रसंगाला चार साक्षीदार होते आणि चौघांना तो चार तऱ्हांनी आठवला, हे मात्र दुसऱ्या प्रकारातले. ते पुसले तर लीळा सोपी होईल आणि खोटीही.

सोपे करणे म्हणजे काय

१९९९मध्ये मार्टिन फाउलरच्या पुस्तकाने प्रोग्रॅमरांत एक शिस्त रुजवली. कोड जे काम करतो ते तसेच राहिले पाहिजे, त्याची मांडणी मात्र माणसाला वाचता येईल अशी करत जायची. वऱ्हाड-नागपुरातले संपादक तेच करत आले होते. पदे तोडली, दंड आणि परिच्छेद दिले, लीळांना क्रमांक आणि शीर्षके दिली, अवघड शब्दांचे कोश जोडले, पाठभेद तळटिपांत नेले. मूळ शब्द मात्र हलू दिला नाही.

खरे तर पंथातल्या जुन्या टीकाकारांनाही ही गरज कळली होती. स्वामींची सूत्रे इतकी आखूड की सुटी वाचली तर कोड्यासारखी वाटतात. म्हणून 'प्रकरणवश' तयार झाले. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले ते त्यात सांगितले आहे. स्वामी कोणत्या गावी कुठे राहिले याची नोंद 'स्थानपोथी'ने केली. आणि नकलकारांनी एक मोठे काम केले. निराळा पाठ मिळाला तर आपल्याला पटला तो ठेवून दुसरा टाकून दिला असे त्यांनी केले नाही. 'वासना' म्हणून तो निराळा पाठही शेजारीच लिहून ठेवला. लिपीचे कुलूप लावणाऱ्या परंपरेनेच आतला मजकूर इतक्या प्रामाणिकपणे नोंदवला होता की बाहेरच्यांना तो पुढे तपासता आला.

२०२४मध्ये ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर हे महानुभाव साहित्याचेच अभ्यासक. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. यापुढे पोथ्यांची छायाचित्रे निघतील, लिप्या संगणक वाचील आणि ते काम बघता बघता होईल. त्याला फार टाळ्या पडतील, आणि पडू द्याव्यात. पण पोथी वाचकाची झाली की नाही, याचा हिशोब उलगडलेल्या पानांच्या संख्येत धरू नये. पदे कोणी तोडली, कोणता पाठ कोणत्या घराण्याचा हे कोणी लावले, 'वासना' जागच्या जागी ठेवल्या की सोपेपणाच्या नावाखाली गाळल्या, एवढे विचारावे. पहिले काम किल्ली करते. बाकीच्या कामाला यवतमाळच्या देशपांड्यांसारखी माणसे लागतात, आणि पुष्कळ वर्षे लागतात.